सापडलेले गाणे आणि त्याचा हिशेब

(राहाता येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात, वाचनालयाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे वक्त्याने तपासून दिलेले शब्दांकन)



दरवर्षी फेब्रुवारी सरला की आपण मला येथे बोलावता आणि मी केंद्रीय अर्थसंकल्पावर तासभर बोलतो. वित्तीय तूट म्हणजे काय, हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की, पहिल्या रांगेतील मंडळी माझी वाक्ये माझ्याआधी पुरी करतात. या वेळी मी संयोजकांकडे सवलत मागितली आणि गाण्यावर बोलू का, असे विचारले. त्यांनी काहीशा संशयानेच होकार दिला. त्यांचा संशय अनाठायी नव्हता, कारण गाण्यातले शास्त्रोक्त असे मला काहीही कळत नाही. तानपुऱ्याच्या चार तारा कोणत्या सुरांत लावतात, हेही मी साठी उलटल्यावर वाचून समजून घेतले. तेव्हा मी बोलणार आहे तो केवळ एक श्रोता म्हणून; आणि ज्याला आयुष्यभर हिशेबाची खोड जडलेली आहे, असा श्रोता म्हणून.

माझे वडील येथल्याच एका आडतीच्या दुकानात मुनीम होते. घरात चैनीच्या म्हणाव्या अशा दोन वस्तू होत्या. एक चावीचा ग्रामोफोन आणि दुसरी बाजाची पेटी. दोन्ही दुसऱ्याच्या घरून उतरलेल्या. तबकड्या होत्या अकरा. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला गाणे शिकविण्याची ऐपत घरात नव्हती, आणि गावात मुलीला शिकवील असा गुरूही नव्हता. ती तबकडी ऐकून ऐकून एकेक पद पेटीवर बसवीत असे. त्या अकरांत हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी होती. तिला कडेपासून आत एक चरा गेला होता. सुई त्या जागी आली की अडे आणि शब्दाचा तोच अर्धामुर्धा तुकडा पुनःपुन्हा वाजत राही. मग कोणीतरी सुई अलगद उचलून पुढे ठेवावी लागे. हे काम माझ्याकडे होते. संगीताच्या क्षेत्रात माझ्या हातून घडलेली सेवा ती एवढीच.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. या तालुक्याला प्रवरेचे आणि गोदावरीचे कालवे आहेत, म्हणून येथे दुष्काळ फारसा जाणवला नाही, असे बाहेरचे लोक समजतात. पण आडतीवर मालच आला नाही तर मुनिमाने काय लिहायचे? वडिलांचा पगार प्रथम निम्मा झाला, मग थांबला. रोजगार हमीची कल्पना ज्या दुष्काळातून वर आली, त्याच दुष्काळात आमच्या घरची पेटी आणि ग्रामोफोन एका दिवशी विकले गेले. तबकड्या घेणाऱ्याने वरकड म्हणून नेल्या. अक्का काही बोलली नाही. पुढल्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती येवल्याला गेली. त्यानंतर मी तिला गाताना ऐकलेले नाही.

त्या वयात माझ्या मनाने एक सिद्धान्त बांधला. गाणे ही आपल्या घराला परवडणारी वस्तू नव्हे, हा तो सिद्धान्त. पुढे अर्थशास्त्राच्या वर्गात गरजेच्या वस्तू आणि चैनीच्या वस्तू यांच्या मागणीची लवचिकता शिकलो, तेव्हा त्याला पुस्तकी आधारही मिळाला. शिवाय चळवळीत आलो. आपल्या चळवळीला गाणे वर्ज्य होते असे मुळीच नाही. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांसारखा कवी आणि निळू फुल्यांसारखा नट महाराष्ट्राला दिला. पण आमच्या पिढीच्या अभ्यासू कार्यकर्त्यांत एक सोवळेपणा होता, तो कबूल केला पाहिजे. गाणे सभेआधी गर्दी जमविण्यापुरते. सभा सुरू झाली की डफ कोपऱ्यात. एकट्याने बसून, कोणत्याही कार्यक्रमाशिवाय, केवळ आनंदासाठी गाणे ऐकणारा मनुष्य आम्हांला जरा संशयास्पद वाटे. माझ्याकडे १९८४ साली टेपरेकॉर्डर आला, पाचपंचवीस कॅसेटी जमल्या, त्यांना बुरशी आली, आणि त्यानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षे मी गाणे असे ऐकलेच नाही. लग्नाच्या वरातीत कानावर पडेल ते सोडून.

२०२० च्या उन्हाळ्यात आपण सारेच घरांत कोंडले गेलो. मुलगी पुण्याहून घरी आली होती. तिने माझ्या फोनवर गाण्याचे एक ॲप घालून दिले आणि विचारले, "बाबा, नाव सांगा, काय लावू?" पन्नास वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी हिराबाईंचे ते पद सांगितले. मला खात्री होती की ते मिळणार नाही. पाच-सात सेकंदांत ते सुरू झाले.

मित्रहो, त्या क्षणाचे मी वर्णन करीत बसत नाही. एवढेच सांगतो की, त्यानंतरचे सहा महिने मी अधाशासारखा ऐकत होतो. एकच राग पाच गायकांचा ओळीने ऐकावा, मल्लिकार्जुन मन्सूर झाले की किशोरी आमोणकर, मग कुमार गंधर्व, ही चैन पूर्वी कोणाला साध्य होती? मुंबई-पुण्याच्या संग्राहकांना, किंवा ज्यांच्या घरी बैठकी होत अशा श्रीमंतांना. माझ्या विद्यार्थिदशेत एका एल.पी.च्या किमतीत आमच्या घरचा आठवड्याचा किराणा येत असे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर आपल्या देशात इंटरनेटचे दर कोसळले, आणि त्या एका घटनेने राहात्यातला पेरू तोडणारा मजूरही दुपारच्या सावलीत बसून भीमसेन ऐकू शकतो, अशी स्थिती आली. तो भीमसेनच ऐकतो असे मी म्हणत नाही. तो काय ऐकतो हा त्याचा प्रश्न आहे. पण दार उघडले. या दाराबद्दल मी आज तक्रारी करणार आहे. म्हणून ते उघडले, हे मी आधी मोकळेपणाने सांगून टाकतो.

टाळेबंदी उठल्यावर मी येवल्याला गेलो. अक्का आता पंचाहत्तरीची आहे, तेव्हा सत्तरीची होती. जेवणे झाल्यावर मी काही न सांगता फोन तिच्यापुढे ठेवला आणि ते पद लावले. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. चऱ्याची ती जागा जवळ आली तशी ती एकाएकी म्हणाली, "उचल रे." माझा हात खरोखरच पुढे झाला. पण उचलण्यासारखे तेथे काहीच नव्हते. गाणे न अडता पुढे गेले, आणि सुई उचलून पुढे ठेवताना आमच्या घरी नेहमी गाळले जाणारे ते चार-पाच शब्द आम्ही दोघांनी जन्मात प्रथमच ऐकले. अक्का हसली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, "अरे, याचे पैसे पडतात का?" मी म्हटले, महिन्याचे शेसव्वाशे देतो. ती म्हणाली, "मग हिराबाईंच्या घरी काही पोचतं का रे यातलं?"

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा खटाटोप आहे.

हिराबाईंपुरते उत्तर कायद्यात आहे आणि ते अगदी सोपे आहे. आपल्या देशात ध्वनिमुद्रिकेवरचा स्वामित्वहक्क ती प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षे टिकतो. आमच्या घरच्या तबकडीसारख्या जुन्या तबकड्यांवर आज कोणाचाही हक्क उरलेला नाही. त्या समाजाच्या झाल्या आहेत. शब्दांचा न्याय निराळा आहे. कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, म्हणून १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गाजलेल्या 'गीतरामायणा'च्या छप्पन्न गीतांचे शब्द, ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले असल्यामुळे, २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सार्वजनिक मालकीची ही कल्पना मला व्यक्तिशः मान्य आहे. ज्ञान आणि कला कधीतरी सर्वांची व्हावी, यात आपल्यासारख्यांना दुःख होण्याचे कारण नाही. पण गंमत पाहा. ज्या मुद्रिकेवर कोणाचाच हक्क नाही, ती वाजवूनही माझे महिन्याचे पैसे कंपनीकडे जायचे थांबत नाहीत. विहीर गावाची झाली, मोट मात्र खासगी राहिली.

आता जिवंत कलावंतांकडे वळू. बहुतेक मोठ्या सेवांची पद्धत अशी आहे की, सर्व वर्गणीदारांचे पैसे एका हौदात जमा होतात. त्यातला सुमारे एक-तृतीयांश भाग सेवा चालविणारी कंपनी ठेवते; स्पॉटिफायसारखी कंपनी दोन-तृतीयांश आपण हक्कधारकांना देतो असे सांगते. ते दोन-तृतीयांश मग एकूण किती गाणी वाजली, त्या प्रमाणात वाटले जातात. तीस सेकंद वाजले की ते गाणे 'वाजले' असे धरतात.

वर्गात देत असे तसे एक उदाहरण देतो. समजा, या सेवेचे दोनच ग्राहक आहेत, मी आणि शेजारचा एक कॉलेजकुमार. दोघे शंभर शंभर रुपये देतो. कंपनीचा वाटा वजा जाता हौदात १३२ रुपये उरले. मी महिन्यात अर्ध्या अर्ध्या तासाचे ४० ख्याल ऐकले, म्हणजे वीस तास. त्याने तीन तीन मिनिटांची ९६० गाणी ऐकली, म्हणजे अठ्ठेचाळीस तास. एकूण वाजली १०००. प्रत्येकाला आले १३.२ पैसे. माझ्या गवयांना मिळाले ५ रुपये २८ पैसे. त्याच्या गायकांना १२६ रुपये ७२ पैसे. ऐकण्याच्या वेळेत आमचे प्रमाण एकास अडीचहूनही कमी आहे, पैशांत एकास चोवीस. माझ्या वर्गणीतले जे ६६ रुपये हौदात पडले, त्यांतले साठ रुपये मी ज्यांचे नावही ऐकले नाही अशा गायकांकडे गेले. वेळेच्या हिशेबाने वाटणी केली असती, तर माझ्या गवयांना ३८ रुपये ८२ पैसे मिळाले असते. ज्याच्या त्याच्या वर्गणीतून ज्याचे त्याला, या हिशेबाने ६६.

कोणी म्हणेल, हा रडका सूर आहे. अभिजात संगीताच्या मूठभर चाहत्यांनी बहुजनांच्या आवडीला नावे ठेवू नयेत. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण आपल्याकडे हे पूर्वी घडले आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि लोकांना चांगले संगीत ऐकवायचे म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. लोकांनी काय केले? सरळ रेडिओ सिलोन लावला. तेथे एका टूथपेस्टच्या खर्चाने अमीन सायानी दर आठवड्याला गीतमाला ऐकवीत होते. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. खुद्द हार्मोनियमवर, अक्काच्या त्या पेटीवर, आकाशवाणीने १९४० पासून बंदी घातली होती. ती सैल झाली १९७१ मध्ये. तेव्हा वरून लादलेल्या अभिरुचीचा मी पुरस्कार करणार नाही. त्याच वेळी हेही खरे की, शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे, दुसरे काही लागत नसे म्हणून वडील तो ऐकत, आणि अर्धवट झोपेत माझ्या कानांवर जे पडले त्याच्याच जोरावर पन्नास वर्षांनी मला ख्याल ऐकू आला. माझ्या फोनमधले यंत्र मला जे आवडते तेच पुनःपुन्हा वाढते. एकदा निर्गुणी भजने ऐकली तर महिनाभर भजनेच. न आवडणारे ऐकण्याची संधी ते देत नाही. टूथपेस्टवाल्याने, केसकरांनी आणि या यंत्राने मिळून माझी आवड किती घडविली आणि माझी स्वतःची त्यात किती, हा हिशेब मला अजून जमलेला नाही. उपभोक्त्याचे सार्वभौमत्व मी तीस वर्षे शिकविले, ते आता माझ्याच घशात अडकते.

आणि हौदाचा फटका अभिजात संगीतालाच बसतो असे समजू नका. अर्ध्या तासाचे कीर्तनाख्यान, वीस मिनिटांचा पोवाडा, रात्रभर चालणारे जागरण-गोंधळ, या सर्वांचे माप तेच तीस सेकंद. २०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक नियम केला. जे गाणे वर्षभरात एक हजार वेळा वाजले नाही, त्याला मुद्रणाच्या हौदातून काहीच मिळत नाही. ते पैसे वरच्यांत वाटले जातात. आपल्या सहकारी कारखान्यात एखाद्याचा ऊस थोडा आहे म्हणून त्याच्या उसाचे पैसे मोठ्या बागाईतदारांत वाटून टाकले, तर या तालुक्यात काय होईल, याची कल्पना आपणच करा.

वाहक बदलला की कलेचा आकार बदलतो, हे नवे नाही. १९०२ साली गैसबर्ग नावाचा गृहस्थ यंत्र घेऊन कलकत्त्याला आला आणि गौहरजानने त्याच्या भोंग्यात गायिले. तबकडीला तीनसाडेतीन मिनिटांची मर्यादा होती; तासाचा राग त्यात कोंबावा लागला. तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरला. तेथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे म्हणून गौहरजान शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारीत असे. अल्लादियाखाँसाहेबांनी बाजारासाठी तबकडी दिलीच नाही, भास्करबुवा बखल्यांचा आवाज आज आपल्याला उपलब्ध नाही. उलट त्याच अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेली. यंत्राला शरण जावे की नाही, याचे एकच उत्तर तेव्हाही नव्हते. पण गौहरजानच्या त्या पुकाऱ्यात एक गोष्ट होती. गाणाऱ्याचे नाव गाण्याला चिकटलेले होते. कोणाला ते खरवडून काढता येत नव्हते.

आता मी ज्या गोष्टीसाठी खरे म्हणजे आलो आहे, तिच्याकडे येतो.

आपल्या तालुक्यात एक शाहीर आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांची भीमगीते आणि पोवाडे ऐकले आहेत. दुष्काळावरचे त्यांचे गीत मोर्च्यांत गायिले जाते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांना ते गुरुस्थानी मानतात. त्यांची परवानगी आहे, पण नाव येथे घेत नाही. १९८६ च्या सुमारास शहरातल्या एका कॅसेट कंपनीने त्यांची दहा गाणी मुद्रित केली. तो कॅसेटचा सुकाळ होता. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली होती, स्वस्त कॅसेटींमुळे तालुक्या-तालुक्यांतला आवाज प्रथमच बाजारात आला होता, आणि याचे श्रेय त्या काळच्या लहान कंपन्यांना दिलेच पाहिजे. शाहिरांना एकरकमी थोडे पैसे आणि पंचवीस कॅसेटी मिळाल्या. एका कागदावर सही घेतली गेली. कागद इंग्रजीत होता.

गेल्या वर्षी त्यांच्या नातवाने त्यांना फोनवर त्यांचेच गाणे ऐकविले. शाहीर हरखून गेले आणि तसेच माझ्याकडे आले. "सर, मी आलो की यात!" मी फोन हातात घेतला, गाण्याखालचा मजकूर उघडून पाहिला. गायक म्हणून कॅसेट कंपनीचे नाव होते. संगीत, काही नाही. आणि गीतकार या शब्दापुढे लिहिले होते, 'पारंपरिक'.

ज्यांनी ते गीत लिहिले, ते माझ्यासमोर बसून बशीतून चहा पीत होते.

मी त्यांना ते वाचून दाखविले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, पारंपरिक म्हणजे मेलेला ना?" मी म्हटले, नाही शाहीर, पारंपरिक म्हणजे कोणाचेच नसलेले. ते म्हणाले, "म्हणजे त्याहून वाईट."

पैशांचा प्रश्न यात आहेच. २०१२ साली संसदेने स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती केली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी ती बाजू हिरिरीने मांडली. त्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा असा केला की, तो कंपनीला सही करून देताच येत नाही. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनाही मानधनाचा हक्क आला. हा कायदा म्हणजे अलीकडच्या काळात संघटित कलावंतांनी मिळविलेला मोठा विजय आहे, आणि आपल्या पत्रांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही, असे माझे मत आहे. परंतु हा वाटा मिळण्यासाठी आधी कवी असावा लागतो. जेथे 'पारंपरिक' लिहिले, तेथे वाटेकरीच नाहीसा झाला. वारसाहक्काच्या सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव गळावे, तसे हे आहे. तलाठ्याने चुकून गाळले की कोणी सांगून गाळविले, हा प्रश्न नंतरचा. जमीन मात्र गेली.

माझ्या हिशेबी स्वभावाने मी शाहिरांना स्पष्ट सांगितले की, नाव लागले तरी यातून फार पैसे येणार नाहीत. गाणे वर्षाला काही हजार वेळा वाजले, तर येतील ते चहापाण्याचे. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात यंत्रामुळे माणशी उत्पादन वाढत जाते, पण चार जणांचे वादन शंभर वर्षांपूर्वी जितका वेळ घेई तितकाच आजही घेते. म्हणून जिवंत कला इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होत जाते आणि केवळ बाजारावर ती जगत नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांनी अल्लादियाखाँना आश्रय दिला. संस्थाने गेल्यावर आकाशवाणीने नोकऱ्या दिल्या. त्या नोकऱ्याही गेल्या काही दशकांत रोडावत गेल्या. सहकारी तत्त्वावर चालणारी रेझोनेट नावाची गाण्याची सेवा युरोपात निघाली, तिचा पसारा फार वाढू शकला नाही. या तालुक्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि पुढे त्या सहकाराचे काय झाले हेही आपण पाहिले. त्यामुळे 'सहकार' हा शब्द उच्चारला की सर्व प्रश्न सुटतात, असे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. हौदाची वाटणी बदलणे मात्र अशक्य नाही. ज्याची वर्गणी त्याच्या गायकांना, ही पद्धत साउंडक्लाउड या सेवेने २०२१ मध्ये काही कलावंतांसाठी चालू करून दाखविली आहे. हिशेब यंत्रच करते. त्याला कोणता हिशेब करायचा, एवढेच सांगायचे असते.

पण शाहिरांचे मागणे यांपैकी काहीच नव्हते. ते म्हणाले, "पैशाचं राहू द्या. नाव टाका म्हणावं."

मग आम्ही कामाला लागलो. त्यांच्याकडे कॅसेट होती, आतला छापील कागद उंदरांनी खाल्ला होता. गीतांची वही होती, हस्ताक्षर त्यांचे, काही पानांवर तारखा. एका गीताचे कात्रण जुन्या स्मरणिकेत सापडले, त्यावर कवी म्हणून त्यांचे नाव छापलेले. कवी आणि संगीतकारांचे मानधन गोळा करणारी आयपीआरएस नावाची संस्था १९६९ पासून आहे; तिच्याकडे सभासदत्वाचा अर्ज केला आहे. ॲप चालविणाऱ्यांना आणि कंपनीला पत्रे लिहिली आहेत. उत्तरे यायची आहेत. आमच्या लक्षात एक गोष्ट आली. ही वही आणि ते कात्रण नसते, तर शाहिरांच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. आणि अशी गाणी आपल्या भागात एका शाहिराची नाहीत. भजनी मंडळे, बँडवाले, तमाशातले वग लिहिणारे, जात्यावरच्या ओव्यांना नव्या ओळी जोडणाऱ्या बायका, यांतल्या कितीतरी जणांच्या कॅसेटी ऐंशी-नव्वदच्या दशकांत निघाल्या.

कोणी असेही समजू नये की फोनमध्ये आले म्हणजे ते टिकले. रेसो आणि विंक या दोन सेवा २०२४ साली एकामागून एक बंद झाल्या; लोकांनी वर्षानुवर्षे लावलेल्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या. माझ्या वर्गणीने मला गाण्याची मालकी मिळत नाही, मिळते ते भाडेपट्ट्याने ऐकणे. आमच्या अकरा तबकड्या निदान विकता तरी आल्या.

म्हणून येथे बसलेल्या कार्यकर्त्यांकडे माझी एक प्रत्यक्ष मागणी आहे. पुढल्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी या वाचनालयात बसणार आहे. आपल्या घरात, वस्तीत, गावात ज्यांच्याकडे अशा जुन्या कॅसेटी असतील त्यांना घेऊन या. कॅसेटला बुरशी आलेली असली तरी चालेल, पण आतला कागद फेकू नका. नावे त्यावर असतात. गीताची वही असेल तर ती आणा, आपण पानांची छायाचित्रे काढून वही परत देऊ. गाणारा हयात असेल तर त्यालाच आणा. पेटी कोणी वाजविली, ढोलकी कोणाची, कोरसला मागे कोणत्या बायका होत्या, हे त्याच्या तोंडून लिहून घ्यायचे आहे. वाचनालयाने एक कपाट मोकळे करून दिले आहे आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर ग्रंथपालांनी आपल्या घरून आणला आहे.

अक्का पहिल्या रविवारी येवल्याहून येणार आहे. तिची कॅसेट नाही, तबकडी नाही. तिला मी सांगितले आहे की, पेटीची सोय केली आहे. ती हो म्हणालेली नाही. नाहीही म्हणालेली नाही.